दुसऱ्या फोनवर

ताई दातांच्या कवळ्या बनवायची. वेगवेगळ्या दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर गुलाबी मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात बसवत जायचं. समोरचा दात केसभर आत गेला तर माणूस खंगलेला दिसतो, केसभर पुढे आला तर हावरट. जन्मात कधी न पाहिलेल्या किती जणांचं हसू तिच्या बोटांखालून गेलं होतं. "अर्धं शहर माझ्या जिवावर दात काढतं," असं ती म्हणायची, आणि शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

लॅब एका इमारतीच्या तळघरात होती. खिडकी पार छताला लागून, त्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. त्या खिडकीखाली वर्षानुवर्षं खाली बघत बसल्यावर शेवटी मानेनेच संप पुकारला. एका सकाळी ताईला डावीकडे बघताच येईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "खरं औषध म्हणजे चालणं. रोज सकाळी हात हलवत चाला. मन लागत नसेल तर कानात गाणी लावा."

मन लागत नव्हतंच, पण त्याचा चालण्याशी संबंध नव्हता.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत धाकट्याची कॉट होती. हल्ली तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असायचा. कपाटात जागा नव्हती म्हणून नाही. कॉट मोकळी दिसली की ताईला त्या खोलीत जाववत नसे.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तिच्याहून बराच लहान. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा तो शाळेत होता आणि ताई नुकतीच नोकरीला लागली होती. लग्नाचा विषय तिने जरा बाजूला ठेवला, आणि तो बाजूलाच राहिला. पुढे शाळेच्या मैदानावर धाकटा पळण्यात पहिला यायला लागला तेव्हा ताईच्या दिवसांना एकदम दिशा मिळाली. त्याला भल्या सकाळी उठवायचं, दूध द्यायचं, मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन उभं राहायचं. तो कानात गाणी लावून सराव करायचा. "गाणं असलं की पाय आपोआप पडतात ताई," म्हणायचा. ताईला ते पसंत नव्हतं. "लक्ष पळण्यात ठेव," ती म्हणायची. पण तो जिंकत होता, त्यामुळे तिने ते चालवून घेतलं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका मोठ्या शर्यतीत तो दुसऱ्या नंबरावर पळत असताना थांबला. पडला नाही, लंगडला नाही. ट्रॅक सोडून गवतावर गेला, खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

घरी आल्यावर तिने विचारलं, "पाय दुखला का?"

"नाही."

"दम लागला?"

"नाही ताई. पुरे झालं. मला पळायचं नाही. कधीच पळायचं नव्हतं. तू घड्याळ घेऊन उभी असायचीस म्हणून पळत होतो."

ताईला ते फार लागलं. तिच्या तोंडून निघून गेलं, "मग आता माझ्यासाठी काही करू नकोस. इथे राहूही नकोस."

तो शब्द पाळणारा निघाला. दूरच्या एका शहरात नोकरी धरली आणि गेला. सुरुवातीला पत्ता कळवला, अधूनमधून दोन ओळींचा मेसेज यायचा. ताई त्याला एका शब्दात उत्तर द्यायची. मग मेसेज थांबले, आणि एकदा तिने मन घट्ट करून फोन लावला तर तो नंबरच बंद होता. दोघं एकाच मातीचे, आधी माघार कोणी घ्यायची ते ठरेना, आणि तेवढ्यात वर्षं निघून गेली.

चालायला जायचं ठरल्यावर ताईने ड्रॉवरमधून त्याचा जुना फोन काढला. जाताना तो मागेच ठेवून गेला होता. फोन चार्ज केला, पॉलिशवालीने आपल्याकडचं एक जादा सिमकार्ड घालून त्यावर इंटरनेट सुरू करून दिलं. गाण्यांचं ॲप उघडलं तर त्याने पासवर्डही विचारला नाही. धाकट्याची सगळी गाणी समोर हजर.

पहिले काही दिवस ताईला वाटलं, यापेक्षा मान दुखलेली बरी. पत्र्यावर कोणी दगड ओतावेत तसे ड्रम, आणि वर न कळणाऱ्या भाषेत कोणाचं तरी ओरडणं. पण दुसरी गाणी कशी शोधायची ते तिला ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. कालव्याच्या काठाने सिमेंटचा एक सरळ रस्ता होता, तिथे ती चालायला जायची. बरीच माणसं असायची. कोणी पळत, कोणी हातवारे करत, कोणी बाकाला पाय लावून ताण देत. जवळजवळ सगळ्यांच्या कानात काहीतरी होतं. रोज तेच चेहरे दिसायचे, ओळखीने मान हलायची, पण बोलायचं म्हटलं तर समोरच्याला आधी कानातलं काढावं लागणार, आणि तेवढ्यासाठी कोणाला कशाला त्रास द्या. अशा रीतीने ताई रोज पन्नास माणसांत जाऊन एकटीच परत यायची.

गाण्यांची सवय मात्र लागली. त्यांतलं एक गाणं सुरुवातीला हळू होतं, मग खालून ड्रम वाढत जायचे, आणि एका क्षणी बाकी सगळं थांबून फक्त ठोके राहायचे. एके दिवशी त्या ठोक्यांवर ताईचे पाय आपोआप उचलले गेले. ती पळतेय हे तिला पुढच्या खांबापर्यंत कळलंच नाही. कळलं तेव्हा ती चटकन थांबली आणि कोणी बघितलं तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं. कोणी बघितलं नव्हतं. मान मात्र वळली होती.

दुसऱ्या दिवशी ते गाणं येईपर्यंत तिला धीर निघेना.

असं करत करत ताई पळायला लागली. आधी एक गाणं पळायचं, एक गाणं चालायचं. मग दोन गाणी पळायची. धाकटा म्हणायचा ते खरं होतं. गाण्याच्या ठोक्यात पाऊल पडलं की दम लागल्याचं मागाहून समजतं. हे इतकं साधं त्याने सांगितलं होतं आणि आपण "लक्ष पळण्यात ठेव" म्हणत राहिलो, असं तिच्या मनात यायचं. सांगायला कोणी नव्हतं.

आणि मग एका सकाळी ऐन रंगात आलेलं गाणं मध्येच बंद पडलं. तिने फोन काढून पाहिला. त्यावर लिहिलं होतं, 'दुसऱ्या फोनवर गाणं सुरू आहे.' तिने पुन्हा गाणं लावलं. ते थोडं वाजलं आणि परत बंद. दुसऱ्या दिवशीही तसंच.

फोन बिघडला असं समजून तिने तो पॉलिशवालीला दाखवला. पॉलिशवालीने हातातली कवळी खाली ठेवली, चष्म्यावरची पांढरी भुकटी पुसली आणि फोन उलटसुलट केला.

"बिघडलेला नाही ताई. हे खातं तुमच्या भावाचं आहे ना? एका खात्यावर एका वेळी एकाच फोनवर गाणं वाजतं. तिकडे त्याने लावलं की तुमचं बंद. तुम्ही लावलं की त्याचं बंद."

"म्हणजे तो आत्ता... म्हणजे सकाळी तो गाणी ऐकत असतो?"

"असणार की. दुसरं कोण?"

ताईने फोन परत घेतला आणि कामाला लागली. त्या दिवशी तिने बसवलेले दात पॉलिशवालीने दोनदा निरखून बघितले आणि म्हणाली, "आजची कवळी जरा हसरीच झालीय."

सकाळच्या वेळी, त्याच गाण्यांवर. ताईला शंका उरली नाही. धाकटा पुन्हा पळायला लागला होता. कोणी घड्याळ घेऊन उभं नसताना, आपणहून. तिला वाटलं, मनातून त्याला पळणं आवडतच होतं, माझ्यावरच्या रागाने बोलला असेल. आणि तिला आणखीही एक वाटत होतं, पण ते ती स्वतःशीसुद्धा पुरतं बोलत नसे. गाणं बंद पडलं की त्यालाही कळत असणार की जुन्या फोनवर ताई आहे. त्याने ठरवलं असतं तर एका बटणात तिला बाहेर काढलं असतं. काढलं नव्हतं. बोलत नव्हता, पण तोडतही नव्हता.

त्या दिवसापासून तिची सकाळ बदलली. बूट घालून कालव्यावर जायचं, गाणं लावायचं आणि वाट बघायची. गाणं बंद पडलं की तिला हसू यायचं. उठला वाटतं. मग ती तशीच नुसती चालत राहायची, त्याला पळू द्यायची. कधी खोडी काढायची लहर आली की आपण गाणं लावायचं. तिकडून लगेच ओढून घ्यायचा. ही पुन्हा लावायची. लहानपणी पांघरुणावरून अशीच ओढाताण चालायची. कधी उशिरा बंद पडलं तर काळजी वाटायची, रात्री जागला असेल. पॉलिशवाली विचारायची, "काय म्हणतो भाऊ?" तर ताई म्हणायची, "बरा आहे," आणि ते तिला खोटं वाटत नसे.

धाकट्याच्या वाढदिवशी तिने ठरवून एक गाणं लावलं. प्रत्येक शर्यतीच्या आधी तो तेच ऐकायचा, मैदानाच्या फाटकाशी उभा राहून, डोळे मिटून. ती त्या दिवशी पळाली नाही. बाकावर बसून राहिली. गाणं सुरू होऊन संपेपर्यंत कोणी त्याला हात लावला नाही. पुढचं गाणंही पुरं वाजलं. त्याने ऐकलं, ताई मनात म्हणाली. माझंच गाणं आज वाजू दिलं. समोरून जाणाऱ्या एका बाईने कानातलं काढून विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" ताई म्हणाली, "नाही, छान वाटतंय," आणि ओढणीने तोंड पुसलं.

नंतर काही आठवड्यांनी गाणी बंद पडेनाशी झाली.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, झोपला असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, कुठे बाहेरगावी गेला असेल. मग एक अख्खा आठवडा गेला आणि दुसराही संपत आला. ताई कालव्यावर जायची आणि गाणी एकामागून एक शेवटपर्यंत वाजत राहायची. तिला पळवेना. तिने त्याचा जुना नंबर पुन्हा लावून पाहिला. तो बंदच होता. लॅबमध्ये मेणात सुळे बसवताना तिच्याकडून उजवीकडचा डावीकडे गेला. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

"ताई, जाऊन या," पॉलिशवाली म्हणाली. "पत्ता आहे ना तुमच्याकडे?"

"त्याला आवडलं नाही तर?"

"दारातून हाकलेल. पण दिसेल तरी."

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून ताई खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली आणि पळताना घालायचे मोजे घेतले. दुकानदाराकडचे सगळ्यात चांगले. मग सकाळची गाडी पकडली.

पत्त्यावरची इमारत जुनी पण धडधाकट होती. लिफ्ट होती, चकचकीत. धाकट्याची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. ताईने दारासमोर उभं राहून केस सारखे केले आणि बेल वाजवली. आतून काहीतरी ठक् ठक् वाजत आलं. दार उघडलं ते एका दणकट, अनोळखी माणसाने. काखेत कुबडी, आणि उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये.

"कोण हवंय?"

"माझा भाऊ इथे राहतो," ताई म्हणाली.

तो माणूस तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही ताई का? हनुवटी तीच आहे. या, आत या. पण तो नाही हो इथे. जाऊन वर्ष उलटून गेलं."

खोलीत दोन कॉट होत्या. एकीवर पाने, पक्कडी, तारांची वेटोळी असं सामान मांडलेलं होतं. ती कॉट आधी कोणाची होती हे ताईला विचारावं लागलं नाही. तो माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा, खाली लिफ्ट चकचकीत होती ती त्याच्याच हातची. धाकटा आणि तो तीन वर्षं इथे एकत्र राहिले होते. लिफ्टवाला एका पायावर उड्या मारत चहा करायला निघाला, तेव्हा ताई उठली आणि म्हणाली, "बसा तुम्ही. डबे कुठे आहेत तेवढं सांगा."

परक्या स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता तिने पाठमोरीच विचारलं, "कुठे गेला? बरा आहे ना?"

"मजेत आहे. डोंगरातल्या एका गावी रोपवाटिकेत काम करतो. झाडं लावतो, कलमं करतो."

"आणि सकाळी पळायला जातो का अजून?"

लिफ्टवाला मोठ्याने हसला. "तो? पळायला? ताई, तो बस सुटत असली तरी पळत नाही. म्हणतो, दुसरी येईल."

ताईने कप त्याच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "मग सकाळी ती गाणी..."

"कुठली गाणी?"

"त्याच्या खात्यावरची. सकाळी कोणीतरी लावतं. माझी बंद पडतात. पडायची."

लिफ्टवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. त्याने खिशातून फोन काढला, त्याकडे बघितलं आणि टेबलावर पालथा ठेवला.

"त्या तुम्ही होतात?"

"हो."

"जाताना त्याने माझ्या फोनवर त्याचं खातं उघडून दिलं होतं. म्हणाला, पळताना ऐक, मला आता नको. मी पळतो रोज. म्हणजे पळायचो. लिफ्टच्या खड्ड्यात पाय मुरगळला आणि हे झालं." त्याने प्लास्टरवर टिचकी मारली. "मधून मधून माझं गाणं कोणी तरी ओढून घ्यायचं. मला वाटायचं, तो आहे. गाणं थांबलं की मी मनात म्हणायचो, चला, उठला दोस्त, झाडांना पाणी घालायला निघाला."

"मला वाटायचं, तो पळतोय," ताई म्हणाली.

"तो फोन फारसा करत नाही ना. मी पण करत नाही. म्हटलं, रोज सकाळी भेट होतेच आहे." त्याने चहाचा घोट घेतला. "दिवसभर मी लिफ्टच्या वर नाही तर लिफ्टच्या खाली. माणसं वर जातात, खाली येतात, माझ्याशी बोलायला कोण थांबतंय. त्यामुळे सकाळचं ते जरा बरं वाटायचं."

ताईच्या मनात एक गोष्ट राहिली होती. ती विचारू नये हे तिला कळत होतं, तरी तिने विचारलं. "त्याच्या वाढदिवशी तुम्ही गाणं थांबवलं नाहीत. सगळं वाजू दिलंत."

लिफ्टवाला आठवायला लागला. "त्याचा वाढदिवस म्हणजे... हां. त्या दिवशी हॉस्पिटलची लिफ्ट अडकली होती. उजाडायच्या आत बोलावणं आलं. पळायला गेलोच नव्हतो."

"हं."

"मी खोटं सांगायला हवं होतं का?"

"नको," ताई म्हणाली. "बरं केलंत."

त्याने फोनमधला फोटो काढून दाखवला. फोटोत एक जाडसर माणूस कुंड्यांच्या रांगेत उभा होता. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, पोट शर्टातून पुढे आलेलं, आणि हसत होता. ताईने आधी दात पाहिले. ती कोणाचेही आधी दातच बघायची. समोरच्या दाताचा तुटका कोपरा तसाच होता, लहानपणी जिन्यावरून पडला होता तेव्हाचा. मग तिने बाकीचं पाहिलं. मैदानावर जिंकल्यावरही तो असा हसलेला तिला आठवेना. म्हणजे तो खरंच बोलला होता. रागाने नव्हे, कोणाला दुखवायला नव्हे. त्याला पळायचं नव्हतं.

"तुमच्याबद्दल बोलायचा," लिफ्टवाला म्हणाला. "म्हणायचा, ताईचा हात इतका स्थिर आहे की तिने डॉक्टर व्हायला हवं होतं. माझ्यामुळे राहिलं."

"असं म्हणायचा?"

"बऱ्याचदा. मी म्हणायचो, मग फोन कर की. तर म्हणायचा, तिने जा म्हटलंय."

निघताना ताईने पर्समधून मोजे काढले आणि त्याच्या हातात दिले. लिफ्टवाल्याने एकदा मोज्यांकडे आणि एकदा प्लास्टरकडे पाहिलं. "सध्या एकच कामाला येईल," तो म्हणाला. दोघंही हसले. धाकट्याचा नवीन नंबर त्याने एका कागदावर लिहून दिला आणि कुबडी टेकत तिला लिफ्टपर्यंत सोडायला आला.

परतीच्या गाडीत ताईने कानात काही लावलं नाही. खिडकीबाहेर शेतं, कारखाने, मग पुन्हा शेतं जात राहिली. धाकटा धडधाकट आहे, आनंदात आहे, याचा तिला आनंद झाला होता, आणि तरी काहीतरी हातातून गेल्यासारखं वाटत होतं. इतके महिने तिला रोज सकाळी एक भाऊ भेटत होता. तो आता नव्हता. कधीच नव्हता.

फोन करायला तिला आठवडा लागला. रविवारी दुपारी तिने कॉटवरचे कपडे बाजूला सारले, कडेला बसली आणि नंबर लावला.

"हॅलो?" मागे पाण्याच्या नळीचा आवाज येत होता.

"मी बोलतेय."

पाण्याचा आवाज थांबला. "ताई?"

"हो."

"काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. मान दुखत होती, आता बरी आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मी पळते आता."

"तू पळतेस?"

"तुझ्या गाण्यांवर."

त्याने नळी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ती गाणी तुला आवडतात?"

"सगळी नाही. त्यातला एक जण फार ओरडतो. पण ठोके चांगले आहेत. पाय आपोआप पडतात, तू म्हणायचास ते खरंय."

तिकडून हसल्यासारखा आवाज आला, पण नक्की कळलं नाही.

"मी तेव्हा बोलले ते..." ताईने सुरुवात केली.

"जाऊ दे ना ताई."

"जाऊ कसं दे. जा म्हटलं होतं मी. आता ये म्हणायला फोन केलाय. पळायचं नाही, काही करायचं नाही. नुसता ये."

"बघतो," धाकटा म्हणाला. "सध्या रोपांचे दिवस आहेत. हे संपलं की बघतो."

तिने आणखी आग्रह केला नाही.

तो आला, पण तीन महिन्यांनी, आणि दोनच दिवस. जिना चढून दारात उभा राहिला तेव्हा धापा टाकत होता. त्याने एका कुंडीत पांढऱ्या फुलांचं रोप आणलं होतं, आणि ते कुठे ठेवायचं यावर दोघांचं बरंच बोलणं झालं, कारण दुसरं काय बोलायचं ते दोघांना सुचत नव्हतं. ताई सकाळी पळायला निघाली तेव्हा तो कॉटवर घोरत होता. परत आली तरी घोरतच होता. तिने त्याला उठवलं नाही. दुपारी तो तिच्याबरोबर लॅबमध्ये आला, पॉलिशवालीशी तासभर गप्पा मारत बसला, आणि ताई बाजूला दात बसवत दोघांचं ऐकत राहिली. आपल्याशी तो इतकं बोलत नाही हे तिच्या लक्षात आलं. पण निदान तिच्यासमोर बोलत होता.

जायच्या आधी त्याने ताईचा फोन हातात घेतला. "तुमचा दोघांचा गोंधळ कळला मला. त्या लिफ्टवाल्या दोस्ताने सांगितलं फोनवर. थांब, तुम्हा दोघांना वेगवेगळं खातं करून देतो." बोटं भराभर चालवून त्याने ते केलं. "झालं. आता कोणाचं गाणं मध्येच बंद पडणार नाही."

"बरं झालं," ताई म्हणाली. तो चांगल्या मनाने करत होता. त्याला काय सांगणार.

संध्याकाळच्या बसने तो गेला. खिडकीतून त्याने हात हलवला, आणि बस वळेपर्यंत ताई थांब्यावर उभी राहिली. पुढच्या वेळी जास्त दिवस राहीन असं म्हणाला होता. कदाचित राहीलही. हल्ली तो महिन्यातून एखादा फोन करतो, रोपाला पाणी किती घालायचं ते सांगतो, ताई मानेचं सांगते, आणि मग दोघं थोडा वेळ एकमेकांच्या खोलीतले आवाज ऐकत गप्प राहतात.

ताई अजून पळते. पळणं तिला आवडतं, याचं तिला स्वतःलाच नवल वाटतं. गाणी आता सुरळीत वाजतात. एक संपतं, दुसरं सुरू होतं. कालव्यावरची माणसं मान हलवून पुढे जातात.

मागच्या रविवारी तिने लिफ्टवाल्याला फोन केला. तसं काही काम नव्हतं.

"पाय कसा आहे आता?"

"प्लास्टर कधीच निघालं. पण पाय अजून काडीच आहे. दोन जिने चढलो की बसावं लागतं."

"आणि लिफ्ट?"

"बंद आहे," तो म्हणाला. "आमच्याच इमारतीतली. दुरुस्त करायला पायच चालत नाही."

ताई हसली. मग आपण पळायला कसं लागलो ते तिने त्याला नीट समजावून सांगितलं, आधी नुसतं चालायचं, मग एक गाणं पळायचं, एक गाणं चालायचं, घाई करायची नाही. तो हं हं करत ऐकत होता. बाहेर उजेड कमी व्हायला लागला होता. तिने उठून दिवा लावला नाही, कारण फोन चार्जिंगला लावलेला होता, वायर बटणापर्यंत पोचत नव्हती आणि बोलणं अजून चालू होतं.